कुंकू लागलेला कापूस

मी मुळातच संशयी आहे. हे मी लाजून सांगत नाही आणि मिरवूनही सांगत नाही. कोणाला गोड आवडतं, कोणाला तिखट, तसा मला संशय. आमच्या वाशीमकडच्या मालेगावच्या बाजारात नारळ घेताना मी तो आधी माझ्या कानाशी हलवते, मग दुकानदाराच्या कानाशी हलवते आणि शेवटी दुसराच घेते. दूध आलं की नखावर थेंब धरून पाहते. कंडक्टरनं दिलेलं तिकीट खिडकीच्या उजेडात वाचते. आमचे हे सांगतात, की लग्नात अंतरपाट धरला होता तेव्हा मी तो बाजूला सारून पाहिलं होतं, पलीकडे ठरलेलाच माणूस उभा आहे ना. पाहिलं होतं. जन्माचा सौदा, पाहायला नको?

घराला कुलूप सून लावते आणि मी ते ओढून पाहते. ती लग्न होऊन आली त्या वर्षापासून हे चालू आहे. भाजीत मीठ तिनं टाकलं की मी चाखणार, गाय तिनं बांधली की दावं मी तपासणार. तिनं कधी तोंड वाकडं केलं नाही. ती इंझोरीची, कमी बोलणारी. कमी बोलणाऱ्या माणसाच्या मनात काय शिजतं ते कळत नाही, म्हणून मी तिच्यावर थोडी जास्तच नजर ठेवत आले. बोलणाऱ्या माणसाचं बरं असतं, त्याची चोरी त्याच्याच तोंडातून बाहेर पडते.

ही सून एकदा माहेरी जाऊन आली आणि भाकरी थापता थापता म्हणाली, की त्यांच्या गावात कापूस आता गटानं विकतात. फेअर ट्रेड म्हणतात त्याला, म्हणजे रास्त व्यापार. खालचा भाव आधीच सांगून ठेवायचा. बाजार पडला तरी त्याच्या खाली कोणी जायचं नाही, आणि बाजार चढला तर चढलेला भाव द्यायचा. त्यावर आणखी थोडे पैसे गटाच्या खात्यात जमा होतात, त्यांचं काय करायचं ते गावानं बसून ठरवायचं. बदल्यात बंदी असलेली औषधं फवारायची नाहीत, वेचणीला लहान पोरं आणायची नाहीत, मजुरी ठरल्या दिवशी पूर्ण द्यायची आणि कापूस प्लॅस्टिकच्या पोत्यात भरायचा नाही.

मी चुलीसमोर बसून सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "अन् त्याईले काय भेटते?"

"कापूस," ती म्हणाली.

हे काही उत्तर झालं? कापूस तर सगळ्यांनाच मिळतो. मंगरूळपीरला आमच्या घरचा कापूस ज्यांच्याकडे जायचा ते चाचाही कापूसच घ्यायचे. पण ते कसे घ्यायचे ते मला पाठ होतं. आधी चहा मागवायचे. मग तब्येत, मग पोरीबाळी, मग पाऊस. मग मूठभर कापूस उचलून मुठीत दाबायचे आणि दुःखी चेहरा करून म्हणायचे, "भाभी, नमी है." ओलं असो नसो, ती नमी ठरलेली. नमीची कट्टी म्हणजे वजनातली कपात, कचऱ्याची कट्टी, हमाली वेगळी. मी भांडायचे, ते थोडं सोडायचे, मी आणखी भांडायचे, ते आणखी थोडं सोडायचे, आणि शेवटी दोघंही आपण जिंकलो असं समजून उठायचो. त्यांची लबाडी माझ्या ओळखीची होती. कुठून कुठपर्यंत जाते ते ठाऊक होतं. माणूस वाईट नव्हता. आमच्या घरात दुखणं आलं तेव्हा रात्रीबेरात्री गाडी पाठवणारा तोच होता.

गटाकडून कापूस घेणाऱ्या या नव्या लोकांचं तसं नव्हतं. त्यांचा खोटेपणा कुठे आहे तेच सापडत नव्हतं, आणि तो सापडत नाही म्हणजे मोठाच असणार असं मला वाटलं. मी चाचांना विचारलंही. त्यांनी दाढी कुरवाळली. मग म्हणाले, देत असतील तर घ्या, पण का देतात ते विचारून घ्या. इतक्या वर्षांत त्या माणसाचं आणि माझं पहिल्यांदा एकमत झालं.

घरात माझं कोणी ऐकलं नाही. आमचे हे शेवटी जो बोलतो त्याच्या बाजूचे, आणि शेवटी सून बोलली. मुलाला जहाल औषधांचा पंप पाठीवरून उतरणार याचाच आनंद. मग सून गावात घरोघर फिरली. मी कधी तिला एवढं बोलताना पाहिलं नव्हतं. दुपारची भांडी आटोपली की डोक्यावर पदर घ्यायची आणि निघायची. कोणी चहा पाजला, कोणी टिंगल केली, कोणी दारातूनच बोळवलं. ती पुन्हा जायची. आमच्या समोरच्या घरचे भाऊजी गावात सगळ्यात मोठ्या आवाजाचे. तेही शेवटी तयार झाले, पण पारावर सगळ्यांच्या देखत म्हणाले, "सूनबाई, कागद-बिगद मले समजत नाही. तुह्या शब्दावर येऊन राह्यलो." ते आले तसे त्यांच्यामागे बाकीचे आले. मला ते वाक्य तेव्हाच खटकलं होतं. माणूस असं बोलतो तेव्हा पुढे कोणावर ढकलायचं ते त्यानं आधीच ठरवलेलं असतं.

पेरणी झाली, कपाशीची पऱ्हाटी गुडघ्याएवढी झाली आणि या रास्त व्यापाराचा एक तपासणीस आला. अकोल्याकडचा, पायात बूट, पाठीवर पिशवी. मला वाटलं तलाठी ऑफिसचा आहे आणि जमीन मोजायला आलाय. तो म्हणाला, नाही, मी फक्त प्रश्न विचारतो. तर अशा माणसाची मला जास्त भीती वाटते. फवारणीचे रिकामे डबे कुठे टाकता? बाई आणि माणूस यांना एकाच कामाची मजुरी सारखी देता का? वेचणाऱ्या बायका पाणी कुठलं पितात? त्यांना लघवीला जायचं तर कुठे जातात? शेवटच्या प्रश्नाला मी त्याला सरळ विचारलं, की बाबा, तुझं लग्न झालंय का? तो हसला आणि लिहीत राहिला. काय लिहितोय ते मी वाकून पाहिलं, तर अक्षर लागलं नाही. डॉक्टरसारखं अक्षर.

मग तो म्हणाला, मला निंदणाऱ्या बायांशी एकट्यानं बोलायचं आहे, तुम्ही जरा बाजूला व्हा. माझ्याच वावरातून मला बाजूला व्हायला सांगतो! माझं डोकंच सरकलं. पण सुनेनं माझ्याकडे असं पाहिलं, की मी निघाले. निघाले म्हणजे तुरीच्या ओळीपर्यंत गेले आणि तिथेच आडोशाला उभी राहिले. ऐकायला काय बंदी आहे?

बायका म्हणाल्या, बाई तोंडाची फाटकी आहे. मजुरी मात्र बाजाराच्या दिवशी हातावर ठेवते. त्यातली एक जण म्हणाली, "पानी तेवढं दुपारी तापते, प्याले होत नाही." एवढंच. मी तुरीत उभी राहून माझ्याबद्दल आणखी काय काय निघतं याची वाट पाहत होते, पण त्यांना पाण्याचंच जास्त पडलं होतं. दुसऱ्या दिवशी मी वावरात माठ पाठवला, त्याला ओलं गोणपाट गुंडाळून. त्या तपासणीसाच्या भीतीनं नाही. इतकी वर्षं त्या माझ्या वावरात गरम पाणी पीत होत्या आणि मला एकीनंही सांगितलं नव्हतं, याचा मला राग आला होता. सांगायला काय झालं होतं? मग लक्षात आलं, की विचारलं तरी कोणी होतं.

कार्तिकात कापूस फुटला. आमच्याकडे पहिल्या वेचणीला सीतादही करतात. वावराच्या कोपऱ्यात पऱ्हाटीच्या बुडाशी सात खडे मांडायचे, त्यांना हळदकुंकू वाहायचं, दहीभाताचा नैवेद्य दाखवायचा आणि दही वावरात शिंपडायचं. पहिला मूठभर कापूस वेचायचा, तो देवीपुढे ठेवायचा, त्यालाही हळदकुंकू आणि अक्षता लावायच्या. मग तो कापूस घरी आणून ढिगाच्या पोटात टाकायचा, म्हणजे ढीग वाढतो. घरची लक्ष्मीच ती, तिची जागा ढिगात. माझ्या सासूनं केलं, मी केलं, त्या वर्षी सुनेनं माझ्यासोबत केलं. गावातल्या प्रत्येक घरात प्रत्येक बाईनं केलं. त्यात कोणाला काय वाटायचं होतं? श्वास घेताना कोणी विचार करतं का?

बाकी सगळं मात्र आम्ही नवीन नियमानं केलं. वेचणाऱ्या बायांनी केस झाकून पांढरे रुमाल बांधले, कारण कापसात केस जाता कामा नये. खताची पोती बाजूला काढली, कारण त्यांचे दोरे सुटतात. कापसाला कापडाचेच बोजे लागतात, ते आमच्या गावात पुरेसे नव्हते, म्हणून सुनेच्या भावानं इंझोरीहून गाडी भरून रिकामे बोजे आणून दिले. ते आमच्या दारात उतरताना गावानं पाहिलं. हे लक्षात ठेवा, पुढे याच गोष्टीवरून वाजलं.

सगळ्या घरांचा पहिला वेचा एका ट्रकमध्ये भरून मालेगावच्या जिनिंगला, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात गेला. ट्रक गेला तेव्हा मी सुनेला म्हटलं, आता बघ, कट्टी काढतात की नाही. काही दिवसांनी जिनिंगमधून फोन आला तो तिच्याच मोबाईलवर. आमच्या गावचा लॉट बाजूला काढून ठेवलाय. कापसात रंग निघाला, लाल आणि पिवळा. एका घरचा नाही, अख्ख्या गावाचा लॉट अडकला, कारण गट म्हटला की सगळ्यांचा कापूस एक.

मला आनंद झाला असं नाही म्हणणार, पण छातीतला एक खडा जागेवर बसला. शेवटी निघालीच ना नमी! चाचा नमी म्हणायचे, हे रंग म्हणतात. नाव बदललं, कट्टी तीच.

संध्याकाळी गाव पारावर जमलं. आधी सगळे कापूस घेणाऱ्या कंपनीला शिव्या देत होते, आणि मी त्यात पुढे होते. मग समोरच्या भाऊजींनी घसा साफ केला. ते म्हणाले, कंपनीला खोटं बोलून काय मिळणार, रंग निघाला म्हणजे निघाला. आमच्या घरी तर पांढराशुभ्र कापूस होता. मग हा डागी कापूस आला कुठून? कोणाच्या माहेरून गाडीभर बोजे उतरले ते आम्ही पाहिलंय. भरलेले होते की रिकामे, कोणाला माहीत. भावाचा भिजलेला, डागाळलेला माल आपल्या लॉटात घालून पांढरा करून घेतला असेल.

मग एकेकानं मान वळवली आणि सगळे माझ्याकडे पाहू लागले. सुनेकडे नाही, माझ्याकडे. माझा स्वभाव गावाला ठाऊक. ज्या बाईनं अंतरपाट बाजूला सारून पाहिला, ती आता काय म्हणते ते त्यांना ऐकायचं होतं. मी नुसती मान डोलावली असती तरी काम झालं असतं. सून पाराच्या खालच्या पायरीवर उभी होती, आणि ती सुद्धा माझ्याकडेच पाहत होती.

"तिनं नाही केलं," मी म्हटलं.

"कायवरून?" भाऊजी म्हणाले.

"नाही केलं म्हनजे नाही केलं."

माझ्याकडे पुरावा नव्हता. बोजे उतरले तेव्हा मी घरी नव्हते, ते रिकामे होते हे मी हात घालून पाहिलं नव्हतं. आणि तरी माझ्या मनात शंका आली नव्हती. मी मनात शोधून पाहिलं, इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. कंपनीवर संशय होता, भाऊजींवर होता, त्या तपासणीसाच्या अक्षरावरही होता. पोरीवर संशयच नव्हता. मला त्याचंच नवल वाटलं आणि थोडी भीतीही वाटली, कारण हा कधी गेला ते मला कळलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी मालेगावला निघालो. मुलगा मोटरसायकलवर सोडतो म्हणाला, पण त्याच्या ब्रेकवर माझा भरोसा नाही. एसटीनं गेलो. निघताना तिनं कुलूप लावलं, मी ओढून पाहिलं. बसमध्ये ती खिडकीपाशी बसली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "लॉट परत आला तं मी गटाचं काम सोडन, आत्याबाई. साऱ्याईले माह्या शब्दावर आनलं. मंग गावात कोन्या तोंडानं राहू?" तिचा आवाज चढला नव्हता, म्हणून मला तो जास्त लागला. मी तिला धीर देणारं काही बोलले नाही. मला ते जमत नाही. मी म्हटलं, आधी त्याला पाहू तर दे.

जिनिंगमधला माल पाहणारा माणूस मधल्या वयाचा होता, भुवयांवर कापसाचं तूस बसलेलं. मी त्याला बोलूच दिलं नाही. दारातूनच सुरू केलं. म्हटलं, कट्टी काढायची तर सरळ काढा, रंगाचं नाटक कशाला? किती कापणार ते सांगा, मग मी माझं सांगते. मी पदर खोचून भांडणाला पूर्ण तयार होते.

त्यानं माझं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, की भाव तर आधीच ठरलाय, तो कमी करायचा मला अधिकारच नाही. माल चालला तर पूर्ण भाव, नाही चालला तर परत. कापायचं काही नाही. हा कापूस लहान बाळांच्या कपड्यांना जाणार आहे, धाग्यात एक रंगीत तूस आलं तरी कापड वाया जातं.

आता याच्याशी भांडायचं कसं? चाचांशी भांडायला जागा होती. या माणसानं जागाच ठेवली नव्हती. मी पदर खोचलेला तसाच, उभी.

त्यानं आम्हाला आत नेलं. पांढऱ्या फळीवर आमच्या लॉटातला कापूस पसरलेला होता. लाल डाग होते, पिवळे डाग होते, ट्रकमध्ये तुडवून आजूबाजूला पसरलेले. त्याला वाटत होतं, की कोणीतरी रंगाच्या पोत्यातून माल आणलाय. सून फळीवर वाकली आणि तिचा चेहरा पडला. मी एक पुंजका उचलला, उजेडात धरला, वास घेतला. बोटांनी तो उसवला तर आतून एक तांदळाचा दाणा पडला. पिवळा, हळद लावलेला. दुसरा पुंजका उसवला, त्यातही दाणा. तिसऱ्यात दह्यानं चिकटलेली कापसाची गुठळी.

मी मटकन खाली बसले आणि हसायला लागले. तो माणूस घाबरला, त्यानं पाणी आणायला सांगितलं. सुनेनं माझ्या हातातला दाणा पाहिला आणि कपाळावर हात मारून घेतला.

"कोणी टाकलं हे?" त्यानं विचारलं.

"आमी," मी म्हटलं. "साऱ्या बायायनं. लक्ष्मी हाये ते."

मग त्याला सगळं सांगावं लागलं, सात खड्यांपासून. तो मन लावून ऐकत होता. त्याची आईही करते म्हणाला, पण तिचा कापूस कुठे जातो ते त्यानं कधी विचारलं नव्हतं. शेवटी तो म्हणाला, की तुमच्या गटानं स्वतः येऊन रंगलेला कापूस वेचून काढला, तर उरलेला मी पुन्हा तपासीन, आणि साफ निघाला तर ठरलेल्या भावानं घेईन. गाड्यांच्या भाड्याचं आणि वेचणीच्या रोजाचं काय ते गटानं ठरवावं. मी लगेच विचारलं, हे कुठे लिहिलंय? त्यानं भिंतीवरचा नियमांचा फलक दाखवला. मी तो वरपासून खालपर्यंत वाचला. त्यात खरंच होतं.

गावात येऊन सुनेनं बायकांना सांगितलं, भाऊजींना नाही. भाऊजींच्या बायकोनंच पुढे ते घरात सांगितलं असणार, कारण दुसऱ्या दिवशी गाडीत सगळ्यात आधी चढून बसली ती तीच. तिनंही आपल्या ढिगात लक्ष्मी टाकली होती, भरपूर कुंकू लावून. जिनिंगच्या शेडमध्ये आम्ही गोल बसलो आणि आपापली लक्ष्मी शोधून वेचत राहिलो. कोणाचं कुंकू जास्त गडद यावरून चेष्टा चालली होती. एकीनं विचारलं, की कुंकवाचा रंग इतका पसरतोच कसा, आणि मग मला त्या बाजारच्या कुंकवाचाच संशय आला. हळदीचं असतं तर असं पक्कं चिकटलं असतं का? मी ती पुडी नंतर पाण्यात टाकून पाहिली. पाणी लालभडक झालं आणि कापडावरून धुवून निघेना. त्या दुकानात मी आजही जात नाही.

लॉट पास झाला. पैसे जमा झाल्याचा मेसेज आला तरी मी मुलाला बँकेत पाठवलं, आणि तो आल्यावर ह्यांना पाठवलं. दोघांनी एकच सांगितलं. भाऊजी पारावर सुनेला काही बोलले नाहीत. पुढच्या हंगामाचं नाव मात्र त्यांनी सगळ्यात आधी दिलं. माफी मागायची ही त्यांची रीत असावी, असं आमचे हे म्हणतात. माझ्या लेखी ती माफी नव्हे.

गटाच्या खात्यात वरचे पैसे आले, त्यांच्यावरून बैठकीत चांगलीच जुंपली. भाऊजींना मंदिराला रंग द्यायचा होता. मी रंग हा शब्द ऐकताच त्यांच्याकडे असं पाहिलं की ते खाली बसले. शेवटी वेचणीच्या बाया बोलल्या. वावरांच्या मधोमध सावलीची शेड, पाण्याची टाकी आणि आडोसा, म्हणजे दिवसभर पोटात कळ धरून राहायला नको. तेच ठरलं. आणि हिशेब दर बैठकीत मोठ्यानं वाचून दाखवायचं काम गटानं माझ्याकडे दिलं. तपासणीस पुन्हा आला तेव्हा त्याला हे कळलं, तर म्हणाला, प्रत्येक गटाला अशी एक बाई पाहिजे. टोमणा होता की कौतुक, मी अजून ठरवलेलं नाही.

उन्हाळ्यात माझी लेक पहिल्या बाळंतपणाला पुण्याहून घरी आली. बाळ झालं, त्याला घालायला तिनं एक पांढरं झबलं काढलं. नेहमीच्यापेक्षा महाग घेतलं म्हणाली, मऊ आहे, आणि बनवणाऱ्यांना पूर्ण दाम देतात असं यावर लिहिलंय. मी ते उलटं करून पाहिलं, शिवण ओढली, कडेचा एक दोरा काढून काडीनं जाळला. राख भुरभुरली, केस जळाल्यासारखा वास नाही. सुती होतं. तिनं मोबाईल त्याच्या चिठ्ठीवर धरला, त्यात महाराष्ट्र आलं, वाशीम आलं. मी म्हटलं, वाशीम लिहायला काय लागतं? मीही लिहीन.

मला वाटलं लेक हसेल. ती हसली नाही. ती माझीच पोरगी. बाळाला मांडीवर घेऊन म्हणाली, "आई, मी हे जास्तीचे पैसे देते. ते खरंच इकडं पोचतात का? का मधीच कोनी खाऊन टाकते?"

हा प्रश्न मी पेरणीच्या आधीपासून विचारत होते, या टोकाला बसून. त्या टोकाला बसून माझी लेक तोच विचारत होती. देणाऱ्याला भरवसा नाही आणि घेणाऱ्यालाही नाही, आणि मधे ही सगळी माणसं, बूटवाला, तूस बसलेल्या भुवयांचा, गटाची बैठक, मोठ्यानं वाचलेला हिशेब. सून तिथेच बाळाच्या अंघोळीसाठी ऊन पाणी विसणत होती.

"पोचतात," मी म्हटलं.

"तुले काय माहीत?"

"हिनं सांगतलं."

लेकीनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मला ताप आलाय. मी बँकेचं सांगू शकत होते, शेडचं सांगू शकत होते, फलकावरचे नियम सांगू शकत होते. तोंडातून निघालं ते हे. सुनेचा पाण्यातला हात तसाच राहिला. मग तिनं कोपर बुडवून पाणी पाहिलं आणि बाळाला घ्यायला हात पुढे केले.

गेल्या कार्तिकात पुन्हा सीतादही केली. आता पूजेचा कापूस ढिगात जात नाही, तो वेगळ्या फडक्यात बांधून आणतो आणि त्याच्या वाती करतो. हळद घरच्या वावरातली, कुंकू खड्यांपुरतं. त्या दिवशी घरातून सगळे आधीच पुढे गेले होते, मागे आम्ही दोघीच. सुनेनं कुलूप लावलं, डोक्यावर दह्याचं मडकं घेतलं, मी नैवेद्याचं ताट घेतलं आणि आम्ही निघालो. कापूस चांगला फुटला होता. लेकीचं बाळ रांगायला लागलंय, असं काहीबाही बोलत चाललो होतो.

ओढ्यापाशी पोचलो आणि मी थांबले. कुलूप मी ओढून पाहिलंच नव्हतं.

सूनही थांबली. मी काही बोलले नव्हते तरी तिला समजलं. "जाऊन पाहून येऊ का, आत्याबाई?" तिनं विचारलं.

"तू लावलं ना?"

"लावलं."

"मंग चाल."